अठ्ठ्याण्णव किलो आणि शेवेची बरणी



गेले दोन महिने इथे इंदूरच्या खाण्यापिण्यावर एकाहून एक सरस लिहून आलं. पोहे-जिलबी, सराफ्यातला भुट्ट्याचा कीस, थंडीतले गराडू, छप्पन दुकान. वाचून बडोद्याची आणि हैदराबादची मंडळी हळहळली. मी याच गावचा, रामबागेत वाढलेला, आणि या सगळ्या पदार्थांशी माझे व्यवहार चाळीस-पंचेचाळीस वर्षं अगदी चोख होते. त्या व्यवहारांचं पुढे काय होतं ते कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहून राहिलो आहे. लांबण लागेल, पण आपल्यातल्या बऱ्याच घरांत हा विषय दबक्या आवाजात चालतो, हे मला माहीत आहे.

बी.कॉम. झालो आणि १९७३ मध्ये स्टेट बँक ऑफ इंदौरला लागलो. होळकरांच्या राज्यात १९२० साली निघालेली ही बँक. २०१० मध्ये ती स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली आणि २०१२ मध्ये मी त्या मोठ्या बँकेतून निवृत्त झालो. नोकरीला लागताना डॉक्टरी तपासणीत माझं वजन भरलं होतं ६२ किलो. २०१७ च्या दिवाळीत भरलं १२४. मुद्दल बरोबर दुप्पट! कॉमर्सवाल्यांना ७२ चा नियम माहीत असतो. रक्कम जितक्या वर्षांत दुप्पट झाली त्या आकड्याने ७२ ला भागायचं, की व्याजाचा दर निघतो. ४४ वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला जेमतेम १.६ टक्के. एवढ्याशा दराकडे कोण लक्ष देतो? पण चक्रवाढ ती चक्रवाढ.

सोबत पंधरा वर्षांची शुगर, बी.पी., झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री नाकावर लावायचं मशीन, आणि दोन्ही गुडघे गेलेले. घर दुसऱ्या मजल्यावर. एकदा जिना उतरलो की परत चढायच्या धास्तीने अर्ध्या कामातून मागे फिरायचो. नाटकांना जाणं सुटलं, लग्नकार्यात एक खुर्ची धरून बसायचो ते निघेपर्यंत. हाडांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं की बीएमआय ३५ च्या खाली आणा, मग गुडघे बदलू; एवढ्या वजनावर जखम चिघळण्याची जोखीम मी घेणार नाही. बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. माझी उंची १६५ सेंटीमीटर. गणित मांडलं तर आकडा आला ९५ किलो. म्हणजे २९ किलो उतरवायचे. डाएट, चालणं, निसर्गोपचार हे सगळं आधी दोन-तीनदा करून झालं होतं. दरवेळी उतरलेलं वजन व्याजासकट परत यायचं.

शेवटी जानेवारी २०१८ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, स्लीव्हची शस्त्रक्रिया करून घेतली. दुर्बिणीतून करतात. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे नुसती जागा कमी होत नाही, भूकही मंदावते. विमा कंपनीने लठ्ठपणाचं कारण दाखवून दावा नाकारला, तेव्हा मुदतठेव मोडली. (पुढे २०१९ मध्ये विमा नियामकाने अटी ठरवून दिल्या. बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असेल आणि बाकीचे उपाय करून झालेले असतील, तर आता सरसकट नाही म्हणता येत नाही. ज्यांच्या घरी हा विषय चालू आहे त्यांनी आपल्या पॉलिसीचा कागद एकदा बारकाईने वाचावा.)

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ आहारावर होतो, त्यात १२४ चे १२० झाले. नंतरच्या अठरा दिवसांत १११. आणि मग काटा थांबला. दिवसभरात घोट-घोट ताक, डाळीचं पाणी, दूध, असं मिळून मूठभर अन्न पोटात जात नव्हतं, तरी वजन जागचं हलेना. मी घाबरून दवाखान्यात फोन लावला. तिथली सिस्टर हसली. म्हणाली, “अंकल, तीसरे हफ्ते में सबका फोन आता है.”

तिचं खरं होतं. यकृतात आणि स्नायूंत शरीर साखरेचा एक साठा ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. साधारण अर्धा किलो असतो. आपलं चालू खातं समजा. त्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तुटलं की आधी हे चालू खातं रिकामं होतं, पाणी वाहून जातं, आणि पहिले काही किलो धडाधड पडतात. मग शरीर मुदतठेवीला, म्हणजे चरबीला, हात घालतं आणि त्याच सुमारास थोडं पाणी पुन्हा धरून ठेवतं. चरबी जात असते, पण काट्याला ते दिसत नाही. तेराव्या दिवशी काटा एकदम दीड किलोने खाली आला. हे पहिलं अडकणं. याचं फार काही नाही.

खरी परीक्षा पुढे होती. जुलैच्या मध्याला मी ९८ वर आलो. सव्वीस किलो गेले होते. शुगरच्या तीन गोळ्यांची एक झाली, रात्रीचं मशीन सुटलं, जुन्या पँटी कमरेवर थांबेनात म्हणून दोन नव्या शिवल्या. आणि मग रोज सकाळी तोच आकडा. ९८.२. ९७.९. ९८.१. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती बसले, अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या निघाल्या, पितृपक्ष लागला. मी ९८. बारा आठवडे! गुडघ्याच्या डॉक्टरांना हवे होते ९५. फक्त तीन किलो. सव्वीस दिलेल्या माणसाला तीन देता येऊ नयेत, ही गोष्ट मला झोपू देईना.

पण वजन न उतरण्यापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. आपल्याकडे अशा वेळी माणसाला कोणी विचारत नाही की काय होतंय. लोक बघतात. ताटाकडे बघतात, हाताकडे बघतात. सकाळच्या पोह्यांच्या कट्ट्यावर माझी चाळीस वर्षांची मित्रमंडळी. मी तिथे बसून फक्त लिंबूपाणी घ्यायचो. एक दिवस एकाने सगळ्यांसमोर विचारलं, “भिया, सच बताओ, रात को सराफे जा रहे हो क्या?” सगळे हसले. मीही हसलो. नात्यातल्या एका बाईंनी मंगळागौरीच्या जेवणात माझ्या पानात पुरण वाढता वाढता हात आखडता घेतला आणि शेजारणीला म्हणाल्या, “ऑपरेशन करूनही जिभेवर ताबा नाही, मग काय उपयोग!” मी समोरच बसलो होतो. पानात होतं अर्धी वाटी वरण आणि दोन चमचे मटकीची उसळ.

कट्ट्याचं ठीक आहे. घरची गोष्ट सांगतो.

ऑगस्टमध्ये एक दिवस कॅल्शियमच्या गोळ्या शोधत मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर शेवेची बरणी. बरणीच्या बाहेरून, शेव जिथपर्यंत होती तिथे, बॉलपेनने एक बारीक आडवी रेघ. शेजारच्या चिवड्याच्या बरणीवर तशीच रेघ. बिस्किटांचा डबा उघडला तर झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर नुसता आकडा, १४. मी मोजली, १४ बिस्किटं होती. जन्मभर तिजोरीची मोजदाद केलेला माणूस मी. आपली अचानक तपासणी चालू आहे हे कळायला मला काही सेकंद पुरले.

आता खरं सांगायचं तर हिचा संशय शास्त्राला सोडून नव्हता. स्लीव्हनंतर पोळी-भाजी, पनीर असं घट्ट अन्न दोन-चार घासांत पोट भरून टाकतं. पण शेव, परमल, बिस्किट, चिप्स हे पदार्थ तोंडात विरघळतात आणि त्या नळीतून सुळकन खाली सरकतात. पोट भरल्याची वर्दीच पोचत नाही. आइस्क्रीम आणि गोड सरबतं तर त्याहून सोपी. ऑपरेशन झालेली माणसं पुन्हा जाडावतात ती बहुतेक याच वाटेने, आणि इंदुरात तर ही वाट प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी सुरू होते. म्हणून मी जानेवारीपासून शेवेला हात लावला नव्हता. पण जो लावत नाही त्याने ते सिद्ध कसं करायचं?

मला बँकेतल्या संध्याकाळी आठवल्या. संगणक येण्याआधी दिवसाची पुस्तकं हाताने जुळवावी लागत. कधी सत्तावीस रुपयांचा फरक यायचा आणि रात्रीचे नऊ वाजायचे. अशा वेळी जो अधिकारी आधी कॅशियरच्या खिशाकडे बघायचा, तो सगळ्यात शेवटी घरी जायचा. माझे पहिले मॅनेजर शिकवायचे की आधी बेरजा तपासा, मग कालची पुढे ओढलेली बाकी बघा, मग फरकाला नऊने भागा. पूर्ण भाग गेला तर बहुधा कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ६३ च्या जागी ३६. चोरी ही शेवटची शक्यता. आमच्या घरात ती पहिली धरली गेली होती.

दोन दिवस मी हिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रात्री बरणी आणून तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि विचारलं, “हे काय आहे?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुम्हाला अण्णांचं माहीत आहे ना?”

अण्णा म्हणजे माझे सासरे. देवासला असायचे. त्यांना मधुमेह होता. घरात सगळे गोड बंद करून बसलेले, चहासुद्धा फिका, आणि शुगर काही केल्या खाली येत नव्हती. पुढे पायाची जखम चिघळली आणि पाऊल कापावं लागलं. त्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी हिने त्यांचा कोट झटकून खुंटीला लावला, तेव्हा खिशातून चिक्कीचे तुकडे पडले. ही गोष्ट मला लग्नानंतर कधीतरी ओझरती कळली होती. इतक्या वर्षांत तिने आपण होऊन कधी काढली नव्हती.

“अण्णा खोटं बोलायचे नाहीत हो,” ती म्हणाली. “ते म्हणायचे, एवढ्याशाने काय होतंय. त्यांना ते खरंच वाटायचं.”

मी म्हटलं, “आणि माझी शेव किती कमी झाली?”

“एक दाणा नाही. महिनाभर बघून राहिले आहे मी. त्यानेच जास्त भीती वाटते. शेव कमी झाली असती तर कारण तरी सापडलं असतं.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी समजत होतो की ती मला पकडायला बसली आहे. ती तर सापडावं म्हणून वाट बघत होती. कारण मी खात नसेन आणि तरी वजन हलत नसेल, तर मग आत काय चाललंय? थायरॉइड? पाणी भरतंय का कुठे? की एवढं पोट कापून, ठेव मोडून, सगळं फुकट गेलं? पासष्टीच्या माणसाला ऑपरेशन करू नका असं तिचा भाऊ म्हणाला होता आणि तिने भावाशी भांडून मला पाठिंबा दिला होता. या सगळ्याचा हिशेब ती एकटीच मनात मांडत होती.

त्या रात्री आम्ही ठरवलं. बँकेत एक पद्धत असते, नोंद एकाने करायची आणि तपासून सही दुसऱ्याने. मेकर आणि चेकर. चौदा दिवस माझ्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट हिने स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलून वहीत लिहायची आणि रात्री मी सही करायची. सोबत रक्ताच्या तपासण्या. थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिन थोडं कमी, बी-१२ कमी. ते या ऑपरेशननंतर बघावंच लागतं, त्याची इंजेक्शनं आणि गोळ्या जन्मभराच्या आहेत.

याच दिवसांत एक गंमत झाली. गणपतीत घालायला काढलेली नवी पँट, जुलैत शिवलेली, कमरेला सैल लागली. शिंप्याकडे गेलो. आमचे मास्टरजी जुने, मापं अजून लांबोडक्या वहीत लिहून ठेवतात. त्यांनी टेप लावला, वही उलटली, पुन्हा टेप लावला. “बाबूजी, डेढ़ इंच कम है. जुलाई में बयालीस थी.” मी म्हटलं, वजन तर तेवढंच आहे. ते म्हणाले, “वो आप जानो, कपड़ा झूठ नहीं बोलता.” मी त्यांच्याकडून त्या दोन नोंदी कागदावर उतरवून घेतल्या आणि घरी येऊन हिच्या वहीत चिकटवल्या. तिसऱ्या पक्षाचा पुरावा! तिने तो चष्मा लावून दोनदा वाचला. त्याच रात्री बरण्यांवरच्या रेघा पुसल्या गेल्या. मला न सांगता.

चौदा दिवसांची वही घेऊन आम्ही दोघं आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. तरुण मुलगी, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. तिने पानं उलटली आणि पहिला प्रश्न केला की हा तक्ता तुम्हाला कोणी दिला. तक्ता दवाखान्यातूनच मिळाला होता, पण तो ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांचा होता. पुढचा कोणी दिलाच नाही. तपासणीला गेलं की वजन बघायचे, “बढ़िया चल रहा है” म्हणायचे आणि पाठवून द्यायचे. तिने बेरीज केली. दिवसाची प्रथिनं सरासरी ३८ ग्रॅम. हवीत कमीत कमी ६०, माझ्या हाडापेराच्या माणसाला ८० च्या आसपास.

मग तिने मला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. उठता आलं नाही. मी म्हटलं, गुडघे. ती म्हणाली, गुडघे आहेतच, पण मांड्यांमधलं मांस किती उरलंय ते बघा.

तिने समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. १२४ किलोचं शरीर चालवायला जो रोजचा खर्च लागायचा तो ९८ किलोच्या शरीराला लागत नाही. ट्रक विकून स्कूटर घेतल्यावर पेट्रोल कमी लागणारच. इथपर्यंत सरळ आहे. पण शरीर त्याहूनही जास्त काटकसर करतं. खाणं इतकं कमी झालं म्हणजे दुष्काळ आहे, असं समजून ते बसल्या जागचा खर्चही आटोक्यात आणतं. आणि प्रथिनं अपुरी पडली, स्नायूंना काम मिळालं नाही, तर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. स्नायू हे जास्त खर्च करणारं खातं. ते आटलं की एकूण खर्च आणखी खाली येतो. असं करत करत एक दिवस जमा आणि खर्च सारखे होतात आणि काटा थांबतो. यात चोरी कुठेच नाही. हे ऐकताना हिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली.

अशा वेळी बहुतेक माणसं खाणं आणखी कमी करतात. माझ्या मनातही उपासाचाच विचार घोळत होता. बाईंनी तो मोडून काढला. उलट खाणं वाढवायचं, पण प्रथिनाचं. घास आधी प्रथिनाचा, मग भाजीचा, जागा उरली तर पोळी. आणि जेवताना पाणी नाही, अर्धा तास मध्ये सोडून. आमच्या शाकाहारी घरात ८० ग्रॅम म्हणजे काही गंमत नव्हे. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम, बाकी पाणी आणि आपलं समाधान. तेव्हा मुगाची धिरडी पनीर भरून, बिनसाखरेचा चक्का, रात्री झोपताना दूध. आणि सोयाबीनची वडी.

सोयाबीनचं मला नवल वाटतं. सगळ्या माळव्यात सोयाबीन पिकतं, त्याचं संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आमच्या इंदुरात, आणि आपल्या घरांत ते येतं तेलाच्या डब्यातून. तेल आपल्याला, पेंड कोंबड्यांना. तेल काढल्यावर उरलेल्या त्या पिठाच्या वडीत निम्मं वजन प्रथिनाचं असतं. ३० ग्रॅम कोरडी वडी म्हणजे १५ ग्रॅम प्रथिनं. हिने ती भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढून खिमट केली आणि काळा मसाला घालून वांग्याच्या भाजीत दडवली. चव? आहे तशी आहे. मी तिला जीरावन भुरभुरून मान दिला.

व्यायामाला गुडघ्यांमुळे चालणं फारसं नव्हतं. म्हणून खुर्चीत बसून. रबरी पट्टा पायाला अडकवून ताणायचा, लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली, खुर्चीवर दोन उशा ठेवून उठ-बस, मग एक उशी, मग बिनउशीचं. आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटं. सूनबाई मोबाइलवर वेळ लावायची आणि नातू आकडे मोजायचा, मुद्दाम चुकवून. वजन करायचं फक्त मंगळवारी. रोजचं बंद, कारण मीठ, पाणी, पोट साफ होणं न होणं यानेच काटा किलोभर इकडे-तिकडे होतो आणि आपण त्याच्यामागे वेडे होतो.

पहिले तीन मंगळवार काही घडलं नाही. उलट एकदा ९८.६ दिसले. ही म्हणाली, “थांबा.” ९ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, काटा ९७.२ वर आला. मी हाक मारली. ती हात पुसत आली, वाकून आकडा बघितला, वहीत लिहिला आणि पेन माझ्यापुढे केलं. “चेकर, सही.” तेवढंच.

उतरणं मग सुरू झालं, पण आधीच्या वेगाने नाही. आठवड्याला दोनशे, तीनशे ग्रॅम. डिसेंबरच्या मध्याला ९४.८. फेब्रुवारी २०१९ मध्ये डावा गुडघा झाला, डिसेंबरात उजवा. त्याच्यानंतर तीन महिन्यांत टाळेबंदी लागली, तेव्हा आमचा जिना हेच माझं मैदान झालं. दुसऱ्या मजल्यापासून खाली आणि परत, दिवसातून सहा वेळा. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दार उघडून बघायच्या की कोण चढून राहिलं.

सगळ्यात कमी वजन माझं २०१९ च्या शेवटी भरलं, ८६. तिथून हळूहळू ९१ वर आलो आणि गेली चार वर्षं तिथेच आहे. यालाही लोक विचारतात, “पुन्हा वाढलं का हो?” स्वीडनमध्ये अशा शस्त्रक्रिया झालेल्या लोकांचा हिशेब १९८७ पासून ठेवत आलेत. मुलाने त्यातले आकडे मला काढून दिले. वजन सगळ्यात कमी होतं पहिल्या एक-दोन वर्षांत, मग थोडं परत येतं आणि कुठेतरी स्थिरावतं. बायपास केलेल्यांचं दहा वर्षांनी सरासरी २५ टक्के वजन कमी राहिलं होतं. त्यात माझ्यासारखे स्लीव्हवाले नव्हते, म्हणून तुलना जपून करायची. पण मी आपला ताळेबंद मांडला. १२४ चे ९१, म्हणजे २६ टक्क्यांहून थोडं जास्त. वाईट नाही. शिवाय आता डॉक्टर म्हणतात की या वयात आणखी उतरवू नका, स्नायू सांभाळा. हल्ली आठवड्याच्या इंजेक्शनांचं वारं आहे, आपल्याकडेही २०२५ पासून मोठा गाजावाजा आहे. पुतण्या घेतो. त्याचंही मध्येच अडकलंय आणि त्याच्या घरीही बरण्या मोजणं सुरू झालंय, असं ऐकतो.

शेव आमच्या घरी अजून येते, नातवासाठी. पोहे मी रविवारी खातो, मोजून तीन चमचे, वर चिमूटभर शेव. ती चिमूट ही स्वतःच्या हाताने घालते.

परवा बडोद्याहून माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. तिचं सहा महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालंय. पाच आठवडे झाले, काटा हलत नाही. आवाज रडवेला. मी तिला दोन गोष्टी विचारल्या. कमरेचं माप शेवटचं कधी घेतलंस, आणि दिवसाची प्रथिनं किती. माप घेतलं नव्हतं, प्रथिनं माहीत नव्हती. तज्ज्ञांना भेटायला आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं, हिची वही तिला फोटो काढून पाठवली. मग ती हळूच म्हणाली, “मामा, आई माझ्या खोलीतला कचऱ्याचा डबा बघते. रॅपर शोधते.”

मी म्हटलं, फोन जरा आईला दे. आणि माझ्याकडचा फोन मी हिच्या हातात दिला.